आत्तीला वाचता येतं

राजारामपुरी, कोल्हापूर
३ सप्टेंबर २०२५

आत्ती, शरणार्थ, पाया पडते.

पोचले. गडहिंग्लजपासून उभ्यानं आले, पण पोचले. हे पत्र नेहमीसारखं चिमणाबाईंच्या अंगणवाडीच्या पत्त्यावर टाकते आहे. फोन केला असता, पण आपल्या घरातला फोन म्हणजे ग्रामपंचायतीचा भोंगा. अप्पा स्पीकर लावतात, अव्वा चुलीपाशी बसून आईच्या अधिकारानं मधेच उत्तरं देते आणि तू "बरी हायस न्हवं?" एवढं विचारून बाजूला होतेस. तुझ्याशी मनातलं बोलायचं तर कागदच लागतो.

आज माझं डोकं फिरलंय. आमचे धैर्यशील सर इंग्रजी बोलायला शिकवतात हे तुला माहीत आहे. त्यांची पद्धत अशी, की दर आठवड्याला दोन निबंध लिहायचे. एक 'माझं गाव' आणि दुसरा, जगात त्या सुमाराला जो कुठला दिवस पाळत असतील त्यावर. आत्ती, जगात कशाकशाचे दिवस असतात! चहाचा दिवस आहे, डोंगरांचा आहे, हात धुण्याचासुद्धा आहे. तू दिवसातून वीस वेळा हात धुतेस, तुला कधी कुणी हार घातला का?

'माझं गाव' मी तीनदा लिहिलं. नेसरीच्या खिंडीतले सात वीर, हिरवीगार शेतं, साधीभोळी माणसं, सगळं घातलं. सरांनी वर्गासमोर माझी वही उघडी धरली आणि म्हणाले, "नेसरीत माणसं राहतात का नुसती प्रेक्षणीय स्थळं?" सगळे हसले. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुरगूडच्या मोनानं माझाच निबंध उतरवून गावाचं नाव बदललं होतं, आणि तिला माझ्यापेक्षा एक मार्क जास्त! हसू नकोस. मला बीएस्सीला सत्त्याहत्तर टक्के आहेत आणि इथं मुलाखतीची वेळ आली की तोंडातून शब्द फुटत नाही, आणि वर हा अपमान.

म्हणून मी ठरवलंय. सोमवारी साक्षरता दिवस आहे. त्यावर मी तुझ्याबद्दल लिहिणार. लॉकडाउनमध्ये गोठ्यामागं बसून, सत्तेचाळिसाव्या वर्षी तू माझ्याकडून, माझ्या भावंडांच्या पुस्तकांवरून कशी वाचायला शिकलीस, ते. खताच्या पोत्यावरचं पहिलं वाक्य वाचून तू कशी रडली होतीस, ते. इंग्रजीत असणार, आपल्या गावात कोण वाचतंय? सर वाचतील आणि त्यांचं तोंड बंद होईल, एवढंच मला हवंय.

तुझी,
प्रेरणा

•

नेसरी
८ सप्टेंबर

प्रेरणास आत्तीकडून.

तुझं पत्र चिमणाबाईनं आज दिलं. शनिवारी आलं होतं, पण ती पोषण आहाराच्या कामात होती.

लिहू नको. माझ्यावर काही लिहू नको. हात धुण्यावर लिही, डोंगरावर लिही, अव्वाच्या पुरणाच्या मांड्यांवर लिही, ते चांगले असतात. मला वाचता येतं हे तुला, मला आणि चिमणाबाईला माहीत आहे. तेवढंच राहू दे. निदान दसऱ्यापर्यंत राहू दे. दसरा झाला की पाटीवर लिहून माझ्या गळ्यात अडकव, मी गावातून फिरून येते.

का, ते विचारू नको. मोठ्या माणसाचं एकदा ऐक.

नाल्यावरच्या रानात भुईमूग चांगला धरलाय. तुझ्यासाठी ओल्या शेंगा ठेवते.

शांताआत्ती

•

कोल्हापूर
१३ सप्टेंबर

आत्ती,

उशीर झाला. तुझं पत्र मला काल मिळालं. निबंध सोमवारीच वाचून झाला होता, पहिला आला आणि सरांनी तो क्लासच्या वेबसाईटवर माझ्या फोटोसकट टाकलासुद्धा. ज्या सरांनी माझी वही उघडी धरली होती, ते म्हणाले, "आता नेसरीत माणूस दिसलं." मी बाहेर येऊन रडले, आनंदानं.

आणि तुझं पत्र! "लिहू नको." मला वाटलं होतं तू खूश होशील. मला तुझा राग आलाय, तो सांगूनच टाकते. तुला लाज कसली वाटते? वाचता येत नाही म्हणून लाजणारी माणसं मी पाहिली, वाचता येतं म्हणून लपणारी तू पहिलीच. पाच वर्षं झाली. तू पेपर वाचतेस, औषधाच्या बाटल्या वाचतेस, आणि अप्पांनी "अक्का, अंगठा" म्हटलं की शाईचा डबा पुढं ओढतेस. हे सोंग कशासाठी? चारचौघांत ज्याचा उपयोग करायचा नाही, ते शिकलीस तरी कशाला?

निबंधातला एक भाग मराठीत सांगते, म्हणजे कळेल की मी काही वाईट लिहिलेलं नाही. "आमच्या घरात येणारा प्रत्येक कागद माझी आत्या सगळ्यांच्या आधी वाचते. मग जशीच्या तशी घडी घालून फळीवर ठेवते. माझ्या वडिलांना वाटतं, ती धूळ झटकते आहे." इथं सगळा वर्ग हसला. प्रेमानं हसला, आत्ती.

दसऱ्याचं काय आहे? सांगायचं असेल तर सांग. नुसतं मोठेपण दाखवून मला गप्प करू नकोस, मी आता लहान नाही.

प्रेरणा

•

नेसरी
१९ सप्टेंबर

प्रेरणा,

तू लहान नाहीस. लहान असतीस तर कान पिळून मोकळी झाले असते.

ऐक काय झालं ते. तुझ्या क्लासवाल्यानं टाकलेला निबंध तुझ्या बापाच्या फोनवर आला. लेकीचा फोटो, वर इंग्रजी. शशीची छाती एवढी फुगली की त्यानं ई-सेवा केंद्रात जाऊन तो छापून घेतला आणि सोमवारी सकाळी दूध घालायच्या वेळी संस्थेत घेऊन गेला. तिथं हायस्कूलचे इंग्रजीचे मास्तर दूध घालायला आले होते. चिमणाबाई रांगेत होती, तिनं सगळं डोळ्यांनी बघितलं.

"मास्तर, पोरीनं लिवलंय. पैला नंबर हाय. मोठ्यानं वाचा की, समद्यास्नी कळू द्या," शशी म्हणाला.

मास्तरांनी एकेक वाक्य वाचून मराठीत सांगितलं. गोठ्यामागची शाळा सांगितली. खताचं पोतं सांगितलं. लोक वा वा म्हणाले. शशी हसत होता. मग ते धूळ झटकण्याचं वाक्य आलं. मास्तरांनी ते सांगितलं आणि किटल्या घेऊन उभी असलेली सगळी माणसं खदाखदा हसली. कोणीतरी मागून ओरडलं, "शशिधर, तुझ्या आदी तुझी अक्काच वाचतीया व्हय रं?"

चिमणाबाई म्हणते, त्याचं तोंड बघवत नव्हतं. दूध न घालताच तो घरी आला. मी भाकऱ्या थापत होते.

"अक्का, तुला वाचाय येतंय?"

मी तव्यावरची भाकरी उलटली.

"येतंय का न्हाय, तेवढं सांग."

"येतंय," मी म्हटलं.

"म्हंजे तो कागद तू वाचलायस."

"वाचलाय."

तुला आता तो कागद सांगते, कारण लपवायला काही उरलंच नाही. नाल्यावरचं रान रस्त्याला लागून आहे. तिथं हॉटेल काढायला एक पार्टी मागे लागली आहे. रान आमच्या वडिलांचं, म्हणून निम्मं माझं. आषाढात शशीनं एक कागद आणला आणि म्हणाला, पीक विम्याचा आहे, अंगठा दे. तो हात धुवायला गेला तेवढ्यात मी कागदाची वरची ओळ वाचली. हक्कसोडपत्र. खाली लिहिलं होतं, भावावरील प्रेमापोटी, राजीखुशीने, कोणताही मोबदला न घेता. आपल्याकडं बहिणीला एक साडी नेसवतात आणि हक्क सोडून घेतात, ती रीतच आहे. पण निदान साडी तरी आणतात, निदान सांगून तरी घेतात. मला विमा म्हणून सांगितलं.

मी भांडले नाही. पहिल्यांदा म्हटलं, आज सोमवार आहे, सोमवारी मी अंगठा देत नाही. दुसऱ्यांदा विळीनं अंगठा कापला म्हणून चिंधी बांधून बसले. तिसऱ्यांदा म्हटलं, आमच्या वडिलांनी शपथ घातलीय, मामलेदार समोर असल्याशिवाय अंगठा द्यायचा नाही. त्याला वाटायचं, अडाणी बाई, हिची समजूत कोण काढणार. बाईला वाचता येत नाही म्हणून सगळे कागद फळीवर उघडे पडलेले असायचे. त्या पार्टीची चिठ्ठी मी वाचली. दसऱ्यापर्यंत सगळे कागद झाले नाहीत, तर ती शेजारचं रान घेणार होती. मला फक्त दसऱ्यापर्यंत अडाणी राहायचं होतं. भांडण नाही, तंटा नाही, भाऊ भाऊच राहिला असता.

चोविसाव्या वर्षी मी सासर सोडून आले, तेव्हापासून ते रान मी कसते. त्या रानामुळं मी या घरात राहते. नाहीतर आली गेली पाहुणी.

तू विचारलंस, शिकलीस कशाला. यासाठी शिकले. कळलं का? आणि तू एका मार्कासाठी मला भर रांगेत उघडी पाडलीस.

शांताआत्ती

•

कोल्हापूर
२३ सप्टेंबर

आत्ती,

तुझं पत्र वाचलं.

मी चुकले. मला माफ कर. पण एवढं म्हणून मी थांबणार नाही, कारण चूक माझ्या एकटीची नाही. मला सांगितलं का नाहीस? आषाढापासून माहीत होतं. गौरीला मी चार दिवस घरी होते, आपण दोघी शेपूची भाजी निवडत बसलो होतो, तेव्हा का नाही बोललीस? माझा विश्वास नव्हता? एका शब्दानं सांगितलं असतंस, तर मी डोंगरांवर लिहिलं असतं, पन्नास वेळा लिहिलं असतं.

काल मी अप्पांना फोन केला. स्पीकर होता की नव्हता, मला फरक पडत नव्हता.

"अप्पा, हक्कसोडपत्र म्हणजे काय?"

"तुला कुणी सांगितलं?"

"आत्तीला विमा म्हणून का सांगितलंत?"

"तिला कळत न्हाय म्हणून. तिला कुठं एकटीला टाकून देणार हाय मी? सांभाळतोयच की. तू अभ्यासाकडं बघ. आणि ते इंग्रजी बंद कर, लई झालं."

"माझ्या इंग्रजीनं तुमचं खोटं बाहेर आलं म्हणून?"

त्यांनी फोन ठेवला. माझे अप्पा! मला शाळेत सोडायला पावसात पोतं डोक्यावर घेऊन येणारे अप्पा. मला त्यांचा एवढा राग आलाय, की त्यांच्या नावानं येणारा फोन उचलवत नाही.

सरांकडं जाऊन म्हटलं, निबंध काढा. ते म्हणाले, "पण नऊशे लोकांनी वाचलाय, कौतुक करतायत." मी म्हटलं, त्यातला एक माझा बाप आहे आणि त्याच्या घरात एक बाई आहे, जिनं तो लिहू नको म्हणून कळवलं होतं. मग काढला. पण म्हणाले, "तुम्ही तिला विचारलं नव्हतं?" आत्ती, मी पिशवी उचलून बाहेर आले.

पण तुझंही चुकलं. हे सोमवार, ही चिंधी, हे बहाणे कशाला? मी असते तर कागद हातात आल्याबरोबर वाचला असता आणि तिथंच टराटरा फाडला असता. अडाण्याचं सोंग घेऊन काही मिळत नाही, उलट माणसं जास्त फसवतात. शिकलेल्या माणसाला असं कुणी विमा म्हणून गंडवू शकत नाही. तू तलाठी ऑफिसात जा आणि हरकत घे. चिमणाबाईंना बरोबर ने. घाबरू नकोस.

प्रेरणा

•

नेसरी
३ ऑक्टोबर

प्रेरणा,

काल दसरा झाला. आपट्याचं पान द्यायला शशी माझ्याकडं आला नाही. मी सासर सोडून आल्यापासून पहिल्यांदा.

तू फोन करून वाघासारखी ओरडलीस, बरं वाटलं असेल. फोन ठेवल्यावर इथं काय झालं ते तुला दिसलं नाही. शशीनं गोठ्याशेजारच्या खोलीतली वैरण बाहेर काढली आणि म्हणाला, "शानी झालीस न्हवं? मग तुझी चूल येगळी मांड." तुझी अव्वा दारात उभी राहून रडली. चौथ्या दिवशी तिनं गुपचूप पिठाचा डबा आणून ठेवला. मी आता तिथं आहे.

हरकत घेतली. चिमणाबाई बरोबर होती. तलाठ्यानं न बघताच शाईचं पॅड पुढं सरकवलं. मी म्हटलं, पेन द्या. शांतादेवी हे नाव लिहायला मला बराच वेळ लागला, मागची माणसं कुरकुरायला लागली. लिहिलं. तलाठ्यानं पोच दिली, ती मी वाचून घेतली, मगच उठले.

तर माझं निम्मं राहिलं. पण शशी वाटणी करून त्याचं निम्मं विकणार म्हणतो. ती पार्टी आता दिवाळीपर्यंत थांबायला तयार झाली आहे, कारण रस्त्याकडची बाजू त्याची. विहीरही त्याच्याच बाजूला. कोरड्या तुकड्यावर मी काय करायचं, ते अजून मला माहीत नाही. तू गप्प राहिली असतीस तर दसरा टळून सगळं रान वाचलं असतं. हे मी तुला टोचायला लिहीत नाही. नाही, टोचायलाच लिहिते आहे.

आता दुसरी गोष्ट. ही मी तुला कधीच सांगणार नव्हते.

तू विचारलंस, गौरीला का नाही बोललीस. तू लिहिलंस, शिकलेल्या माणसाला कुणी गंडवू शकत नाही. ते वाक्य मी तीनदा वाचलं.

गौरी जेवायच्या दिवशी, दुपारी, तू गौरीपुढं उभी राहून मोबाईलवर शूटिंग करत होतीस. शशी एक स्टॅम्पपेपर घेऊन आला. म्हणाला, उत्पन्नाच्या दाखल्याला लागतंय. तू एका हातात मोबाईल धरून, आरतीच्या ताटाच्या कडेवर कागद ठेवून, दुसऱ्या हातानं सही केलीस. इंग्रजीत, खाली वळसा देऊन. मी फराळाची ताटं भरत होते. मी बघत होते.

तू कोल्हापूरला गेलीस त्याच दिवशी तो कागद मी फळीवर वाचला. संमतीपत्र. मी, कुमारी प्रेरणा शशिधर, वय बावीस, शिक्षण बीएस्सी, सदर दस्तऐवज स्वतः वाचून व समजून घेऊन, वडिलोपार्जित जमिनीतील माझा संपूर्ण हक्क वडिलांच्या लाभात राजीखुशीने सोडत आहे. खाली तुझी सही.

म्हणून मला दसरा हवा होता. पार्टी गेली असती तर दोन्ही कागद रद्दी झाले असते. माझा अंगठा वाचला असता आणि तुझ्या मनातला तुझा अप्पा, पावसात पोतं घेऊन येणारा, तोही वाचला असता. मी गौरीला बोलले नाही ते विश्वास नव्हता म्हणून नाही.

मला वाचता येतं हे तू सगळ्या गावाला सांगितलंस. तुला येतं ना? मग तू काय वाचलंस?

शांताआत्ती

•

कोल्हापूर
७ ऑक्टोबर

आत्ती,

तुझं पत्र आल्यापासून मी क्लासला गेलेले नाही. सरांनी पुढचा विषय ग्रामीण महिला दिवस दिलाय. मोनानं फोन करून विचारलं, तुझ्या आत्याचं पुढं काय झालं? मी तिच्यावर ओरडले. तिचा काही दोष नव्हता.

मला ती दुपार आठवली. सगळी आठवली. अप्पांनी कागदाचा वरचा भाग तळहातानं दाबून धरला होता, वाऱ्यानं उडू नये म्हणून. निदान मला तसं वाटलं होतं. मी सही करताना मोबाईलकडं बघत होते. अप्पा म्हणाले, "झकास सही हाय." मला बरं वाटलं होतं.

मी काल कसबा बावड्याला, कोर्टाबाहेर एका वकीलबाईंकडं गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. तुझं ऐकताना त्या मान हलवत होत्या. मग माझं सांगितलं. त्यांनी विचारलं, "तुमचं शिक्षण?" मी म्हटलं, बीएस्सी. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"अंगठा असता तर सांगता आलं असतं, बाईला वाचता येत नव्हतं, फसवून घेतला. तुमच्या सहीवर काय सांगायचं? वाचता येत होतं, पण वाचलं नाही?"

मी तिथून रस्त्यावर आले आणि भर उन्हात रडत उभी राहिले. अप्पांच्या रागानं नाही. तो राग आहे, तो जाणार नाही, दिवाळीला त्यांच्या पाया पडायला मी वाकणार नाही. पण त्या वेळी मला माझाच राग आला. तुला शिकवलं म्हणून नऊशे लोकांसमोर पाठ थोपटून घेतली मी. गोठ्यामागं तुला म्हणायचे, "आत्ती, बोट ठेवून वाच, घाई करू नकोस." स्वतःच्या नावाचा कागद आला तेव्हा मी बोटही ठेवलं नाही.

वकीलबाई म्हणाल्या, तरी हरकत घ्या, विहिरीचा मुद्दा घ्या, लढता येईल, वेळ लागेल. किती वेळ, ते त्यांनाही सांगता आलं नाही. कच्चा अर्ज मी स्वतः लिहिलाय, मराठीत. तुझं नाव आहे, माझं आहे, फसवून सही घेतली असं अप्पांच्या नावानिशी लिहिलंय. ते वाक्य लिहायला मला अख्खी रात्र लागली.

शनिवारी सकाळच्या गाडीनं येते. घरात जाणार नाही, गोठ्याशेजारच्या खोलीत येणार आहे. अव्वाला सांग, मी तुझ्याकडं जेवणार. अप्पा अंगणात असले तर असू देत.

अर्जावर मी अजून सही केलेली नाही. तू पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाच. तू वाचून हो म्हणाल्याशिवाय मी करणार नाही.

प्रेरणा